ठासणीच्या रायफलीसाठी घरच्या घरी वॅड तयार करणे : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

ठासणीची रायफल म्हणजे जिच्या नळीच्या तोंडातून आधी दारू आणि मग गोळी घालून ती गजाने तळापर्यंत ठासावी लागते, अशी रायफल. काडतुसांच्या बंदुका आल्यानंतर ती सैन्यातून हद्दपार झाली, पण नेमबाजीचा छंद म्हणून ती आजही टिकून आहे. अमेरिकेत १९३३ साली स्थापन झालेल्या नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनच्या स्पर्धा इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप या लहानशा गावी भरतात, ब्रिटनमध्येही या बंदुकांसाठी स्वतंत्र संघटना आहे, आणि अमेरिकेतील अनेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीने शिकार करण्याचा वेगळा हंगाम असतो. या देशांत स्थायिक झालेल्या आणि स्थानिक क्लबात या छंदाकडे वळलेल्या मराठी वाचकांसमोर पहिल्याच महिन्यात वॅडचा प्रश्न उभा राहतो. तयार पाकिटे बाजारात मिळतात, पण ती ठरावीक मापांचीच असतात आणि प्रत्येक नळी थोडी वेगळी असते. आपल्या नळीच्या नेमक्या मापाची वॅड घरी केली तर ती स्वस्त पडते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती अधिक चांगले काम करते.

वॅड म्हणजे दारू आणि गोळी यांच्यामध्ये बसणारी लोकरीची किंवा पुठ्ठ्याची गोल चकती. गोल गोळी वापरताना ती तेलकट चिंधीत गुंडाळून नळीत घालतात. नळीच्या आतील पेचदार खाचांना पकडून गोळीला फिरकी देण्याचे काम ही चिंधी करते. दारू पेटली की तापलेला वायू पहिल्यांदा या चिंधीवर आदळतो, आणि चिंधी जळाली किंवा फाटली तर वायू गोळीच्या कडेने निसटतो, दर वेळी कमीजास्त निसटतो, आणि नेम विखुरतो. वॅड हा मारा स्वतः सोसते आणि वायूला मागे अडवून धरते. तिचे दुसरे काम स्नेहनाचे आहे. काळी दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेषांच्या रूपात मागे उरतो. त्यातला काही धुराबरोबर बाहेर जातो आणि बाकीचा नळीत थर धरून बसतो. कोरड्या हवेत हा थर कडक होतो आणि चार-पाच गोळ्यांनंतर पुढची गोळी खाली जाईनाशी होते. मेण आणि चरबी शोषून घेतलेली वॅड प्रत्येक गोळीबरोबर हा थर मऊ ठेवत जाते. ही दोन कामे लक्षात ठेवली की पुढच्या प्रत्येक पायरीचे कारण आपोआप कळते.

सुरुवात करण्यापूर्वी कायद्याबद्दल

भारतात शस्त्र अधिनियम १९५९ नुसार ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो आणि त्या कायद्यातील दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. म्हणून महाराष्ट्रात किंवा गोव्यात परवानाधारक असणाऱ्यांनी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचे लेखी मत घेतल्याशिवाय या लेखातील काहीही करून पाहू नये. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्यात या बंदुकांना जुन्या शस्त्रांची सवलत असली, तरी राज्यागणिक नियम बदलतात आणि तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांना शस्त्रांबाबत जास्तीचे निर्बंध लागू होतात. त्यांनी क्लबात नाव घालण्यापूर्वी वकिलाला विचारणेच शहाणपणाचे. ब्रिटनमध्ये रायफलीचा परवाना वेगळा आणि काळी दारू जवळ बाळगण्याचे प्रमाणपत्र वेगळे असते. वॅड तयार करताना दारूचा कुठेही संबंध येत नाही, आणि तो येऊही देऊ नये. ज्या खोलीत मेण वितळवायचे आहे त्या खोलीत दारूचा डबा, भरलेले मोजमाप किंवा केपांची (दारू पेटवणाऱ्या ठिणगीच्या टोप्यांची) डबी ठेवता कामा नये.

कापड कोणते घ्यावे

घट्ट दाबलेले, शंभर टक्के लोकरीचे फेल्ट हा सगळ्यात भरवशाचा माल आहे. हस्तकलेच्या दुकानात रंगीबेरंगी तावांच्या रूपात जे फेल्ट मिळते ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टरचे असते आणि ते या कामाला मुळीच चालत नाही. उष्णतेने ते वितळते, नळीच्या खाचांमध्ये चिकटते आणि पुढे प्रत्येक गोळीबरोबर त्यावर नवा थर चढत जातो. दुकानदाराच्या शब्दावर न विसंबता फेल्टचा नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून घराबाहेर, मोकळ्या जागी जाळून पाहावा. खरी लोकर नाखुशीनेच जळते, ज्योत बाजूला केली की विझते, जळालेल्या केसांचा वास येतो आणि उरलेली काळी राख बोटांत चुरडली की तिची भुकटी होते. कृत्रिम धागा मात्र आक्रसतो, वितळतो, आणि गार झाल्यावर त्याचा टणक मणी उरतो. मिश्र कापडात दोन्ही लक्षणे दिसतात, तेही नाकारावे.

औद्योगिक फेल्ट विकणाऱ्यांकडे घनतेनुसार प्रती असतात. बोटांनी दाबल्यावर जेमतेम दबणारी आणि कडेला ओढल्यावर धागे न सुटणारी प्रत निवडावी. जाडी ३ मिमीच्या आसपास असावी. मोठ्या व्यासाच्या नळीसाठी ४ ते ५ मिमी घ्यावी. फार पातळ चकती नळीत खाली जाताना कलंडते आणि तिरकी बसते, आणि तिरकी बसलेली वॅड ही नसलेल्या वॅडपेक्षा वाईट, कारण तेव्हा वायू एकाच बाजूने निसटतो. जुन्या बाजारात मिळणाऱ्या लोकरी हॅटचे फेल्ट घट्ट आणि उत्तम प्रतीचे असते, पण ते सहसा पातळ असल्यामुळे दोन थर एकत्र वापरावे लागतात. शिवाय त्यात घातलेली खळ गरम पाण्याने धुऊन काढावी लागते.

कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवाना घेतलेल्या ठासणीच्या बंदुकीत दारूवर काथ्याचा बोळा ठासण्याची जुनी रीत आहे. ती बंदूक गुळगुळीत नळीची असते आणि तिच्यातून छर्रे सुटतात, त्यामुळे तिथे ती रीत निभावते. रायफलीत मात्र काथ्या खाचांमध्ये सारखा बसत नाही, आणि पेटलेला काथ्या वाळल्या गवतात पडून बराच वेळ धुमसत राहतो. जुने सुती कापड आणि वर्तमानपत्राचा कागद यांचाही हाच धोका आहे. लोकर विझते, हा तिचा फार मोठा गुण आहे आणि उन्हाळ्यात वाळलेल्या मैदानावर त्याची किंमत कळते.

नळीचे माप आणि पंचाचे माप

माप घेण्याआधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करावी. त्यासाठी गज नळीत तळापर्यंत सोडून तोंडाशी पेन्सिलीने खूण करावी, मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहावा. गजाचे टोक केप लावण्याच्या निप्पलपर्यंत किंवा चकमकीच्या बंदुकीत कानाच्या, म्हणजे ठिणगी आत जाण्याच्या, भोकापर्यंत पोचत असेल तर नळी रिकामी आहे. ते दोन-चार सेंटीमीटर अलीकडे थांबत असेल तर आत जुना भार आहे असे समजावे आणि बंदूक जाणकाराच्या हाती द्यावी. विकत घेतलेल्या जुन्या बंदुकांत असा विसरलेला भार सापडणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

त्यानंतर व्हर्नियर कॅलिपरच्या आतील जबड्यांनी नळीच्या तोंडाशी दोन मापे घ्यावीत : खाचांमधील उंचवट्यापासून समोरच्या उंचवट्यापर्यंत, आणि खाचेपासून समोरच्या खाचेपर्यंत. बंदुकीवर कोरलेला आकडा पहिल्या मापाशी जुळतो. ०.४५ इंची नळी म्हणजे सुमारे ११.४ मिमी, ०.५० इंची म्हणजे १२.७ मिमी, ०.५४ इंची म्हणजे १३.७ मिमी आणि ०.५८ इंची म्हणजे १४.७ मिमी. गोल गोळीसाठी केलेल्या नळ्यांमध्ये प्रत्येक खाच साधारण पाव मिलिमीटर किंवा किंचित जास्त खोल असते, त्यामुळे दुसरे माप पहिल्यापेक्षा अर्धा मिलिमीटर ते ०.६ मिमीने मोठे भरते. वॅडला खाचांच्या तळापर्यंत पोचायचे असते, म्हणून तिचा व्यास दुसऱ्या मापाइतका किंवा त्याहून ०.२ ते ०.३ मिमी जास्त धरावा. ०.५० इंची नळीसाठी हे माप १३.२ ते १३.५ मिमी येते, ०.४५ इंचीसाठी सुमारे १२ मिमी आणि ०.५४ इंचीसाठी साधारण १४.५ मिमी. पुष्कळ नवशिके बंदुकीवरचा आकडा पाहून नेमका अर्ध्या इंचाचा पंच विकत आणतात, आणि मग त्यांच्या चकत्या उंचवट्यांवर बसतात, पण खाचा मोकळ्याच राहतात. वॅडचे अर्धे काम तिथेच वाया जाते.

चामड्याला भोके पाडण्यासाठी चांभार आणि गॅस्केट कापण्यासाठी गॅरेजवाले जो पोकळ पंच वापरतात, तोच आपल्याला हवा असतो. तो मिलिमीटरच्या मापातही मिळतो आणि इंचाच्या सोळाव्या भागाच्या मापातही. विकत घेताना त्याची धार नीट पाहावी. उतार बाहेरच्या बाजूने दिलेला आणि आतली भिंत सरळ असेल तर चकतीची कड उभी आणि एकसारखी येते. आतून उतार असेल तर चकती वरून लहान आणि खालून मोठी निघते. धार बोथट झाली तर ती बाहेरच्या बाजूनेच बारीक दगडावर फिरवून लावावी आणि आत वळलेली बारीक कड गुंडाळलेल्या पॉलिश कागदाने काढावी. नेमके माप बाजारात मिळत नसेल तर लेथवाल्याकडून पोलादी नळीचा पंच कातून घेता येतो. चांगल्या बंदुकीवर एवढा खर्च केलेला असताना या एका अवजारावर हात आखडता घेऊ नये.

चकत्या कापणे

पंचाखाली काय ठेवले आहे यावर कापाचा दर्जा अवलंबून असतो. लोखंडी पाटावर पंच मारला तर पहिल्या दहा चकत्यांतच धार मोडते. फळीच्या सपाट बाजूवर मारला तर तो लाकडाच्या रेषांमध्ये तिरका घुसतो. खाटकाच्या दुकानात असतो तसा झाडाच्या खोडाचा आडवा काप सर्वांत उत्तम, कारण त्यात लाकडाचे तंतू उभे असतात आणि धार त्यांच्यामध्ये शिरूनही शाबूत राहते. तो नसेल तर भाजी कापण्याचा जाड प्लॅस्टिकचा पाट चालतो. हातोडी लाकडाची किंवा कच्च्या चामड्याची घ्यावी. लोखंडी हातोडीने पंचाचे डोके फुलते आणि त्याचे तुकडे उडू शकतात. डोळ्यांवर चष्मा असू द्यावा.

फेल्ट ठोकळ्यावर सपाट पसरावे, पंच काटकोनात उभा धरावा आणि एकाच ठाम घावात कापावे. दोन-तीन हलक्या घावांनी कापल्यास मधल्या वेळात पंच किंचित सरकतो आणि चकतीच्या कडेला पायरी पडते. कापलेली चकती पंचात अडकून राहते. ती प्रत्येक वेळी न काढता चार-पाच साचू द्याव्यात आणि मग वरून लाकडी काडीने ढकलून काढाव्यात. पंच खालून कोरून काढण्याच्या नादात धार खराब होते आणि बोटही कापते. ज्यांच्याकडे उभे ड्रिल यंत्र आहे त्यांनी पंच त्याच्या जबड्यात बसवावा आणि यंत्राची वीज पूर्ण बंद ठेवून, केवळ त्याचा दांडा खाली ओढून दाबाने चकत्या कापाव्यात. अशा चकत्या हाताने ठोकलेल्यांपेक्षा नेहमीच अधिक सरळ निघतात, आणि शेजाऱ्यांना ठोकाठोकीचा त्रासही होत नाही.

लोकर दाबाखाली पसरते आणि सुटल्यावर आवळते, त्यामुळे १३.५ मिमीच्या पंचातून निघालेली चकती तितकीच भरेल असे नाही. पहिल्या दहा चकत्या कॅलिपरने हलक्या हाताने मोजाव्यात आणि मगच पुढे जावे. मऊ फेल्ट धारेखाली दबून फाटत असेल तर त्याची पट्टी आधी वितळलेल्या मेणाच्या मिश्रणात बुडवून, फ्रीजमध्ये कडक करून मग कापावी. कड स्वच्छ येते, पण पंच वारंवार पुसावा लागतो. ३० × ३० सेंमीच्या तुकड्यातून १५ मिमी अंतराने कापत गेल्यास चारशे चकत्या मिळतात. तिरक्या कापलेल्या, एका बाजूने पातळ असलेल्या किंवा कडेला धागे सुटलेल्या चकत्या तिथल्या तिथे वेगळ्या काढाव्यात. त्या फुकट जात नाहीत. नळी पुसताना गजाच्या टोकावर त्यांचा उपयोग होतो.

मेण आणि चरबी

स्नेहनासाठी काय वापरावे याबद्दल नेमबाजांमध्ये जितकी मते आहेत तितकी दुसऱ्या कशाबद्दलही नसतील, पण एका गोष्टीवर बहुतेकांचे एकमत आहे : पेट्रोलियमपासून केलेले इंजिन ऑइल आणि साधे ग्रीस यांना काळ्या दारूजवळ फिरकू देऊ नये. काळ्या दारूच्या अवशेषांशी त्यांचे मिश्रण होऊन डांबरासारखा चिकट थर तयार होतो आणि तो काढता काढता नाकीनऊ येतात. मधमाशांचे मेण, प्राण्यांची चरबी आणि वनस्पती तेले यांनी असे होत नाही. दुसरी अट अशी, की जे काही घ्याल त्यात मीठ नसावे. खारवलेल्या लोण्यातले मीठ नळीला गंज चढवते.

जुनी आणि सर्वपरिचित कृती म्हणजे मेण आणि मेंढीची चरबी वजनाने समसमान. ज्यांना प्राण्यांची चरबी वापरायची नाही त्यांच्यासाठी ५० ग्रॅम मधमाशांचे मेण, ४० ग्रॅम बिनमिठाचे वनस्पती तूप आणि १० ग्रॅम खाद्यतेल हे प्रमाण उत्तम चालते, आणि सुरुवात करणाऱ्याला मी हेच सुचवतो, कारण त्यातले सगळे वाण्याकडे मिळते आणि चरबी गाळून शुद्ध करण्याचा खटाटोप वाचतो. हा पर्याय काही आजचा नाही. १८५३ च्या नमुन्याची ०.५७७ इंची एनफील्ड रायफल ठासणीचीच होती, तिच्या कागदी काडतुसांना चरबी लावण्याचे कारणही नळीतला हाच कडक थर होते, आणि त्या चरबीवरून असंतोष पसरू लागल्यावर १८५७ च्या जानेवारीत कंपनी सरकारने शिपायांना स्वतःच्या पसंतीचे तेल आणि मेण वापरण्याची मुभा दिली होती. पुढचा इतिहास मराठी वाचकाला ठाऊक आहे. तांत्रिक बाजूने पाहिले तर मेण आणि तेलाचे मिश्रण हे काम व्यवस्थित करते.

मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. ते कधीही थेट आचेवर ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी तापवून त्यात लहान भांडे ठेवावे आणि त्यात आधी किसलेले मेण, ते विरघळल्यावर तूप आणि शेवटी तेल घालावे. मिश्रण ७० ते ७५ अंशांच्या आसपास राहिले की पुरे. त्याला धूर येऊ लागला तर ते फार तापले आहे. भांड्यापासून दूर जाऊ नये, मुलांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नये, आणि जवळ घट्ट बसणारे झाकण तयार असू द्यावे, कारण पेटलेल्या चरबीवर पाणी ओतले तर आग पसरते. ती झाकूनच विझवावी लागते. या कामाचे भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

वितळलेल्या मिश्रणात वीस-पंचवीस चकत्या एका वेळी सोडाव्यात. सुरुवातीला त्या तरंगतात आणि त्यांच्या कडेने बारीक बुडबुडे निघतात. ही लोकरीत अडकलेली हवा असते. चिमट्याने एकेक चकती खाली दाबावी. पाच-सात मिनिटांत बुडबुडे थांबतात आणि चकती गडद होऊन तळाशी बसते. मग तिला चिमट्यात धरून भांड्याच्या आतल्या भिंतीवर हलकेच दाबावे, निथळू द्यावे आणि ॲल्युमिनियमच्या कागदावर एकमेकींना न चिकटता पसरून ठेवावे. गार झालेली चकती हातात घेतल्यावर बोटांना चकाकी लागली पाहिजे, पण दाबल्यावर थेंब सुटता कामा नये. थेंब सुटत असेल तर चकत्या किंचित कोमट करून टिपकागदात दाबाव्यात. शंभर ग्रॅम मिश्रण शंभर-दोनशे चकत्यांना सहज पुरते.

उन्हाळ्यात हेच मिश्रण फार सैल वाटू लागते. तेव्हा तेल वगळावे आणि मेण दहा-पंधरा ग्रॅमने वाढवावे. कडाक्याच्या थंडीत उलट करावे, नाहीतर चकती दगडासारखी होऊन खाचांमध्ये भरत नाही.

पुठ्ठ्याची पातळ चकती

मेणकट वॅड थेट दारूवर बसली की तिच्यातील तेल दारूत उतरू लागते. भरल्याबरोबर लगेच गोळी झाडली तर फरक जाणवत नाही, पण गरम दिवशी अर्धा तास बंदूक भरलेली राहिली तर खालच्या थरातली दारू ओलावते आणि बार दुबळा होतो. यावर सोपा उपाय म्हणजे दारू आणि वॅड यांच्यामध्ये पुठ्ठ्याची कोरडी चकती घालणे. लिहिण्याच्या पॅडमागे असतो तसा ०.६ ते १ मिमी जाडीचा साधा, प्लॅस्टिकचा थर नसलेला पुठ्ठा घ्यावा आणि त्याच पंचाने चकत्या कापाव्यात. पुठ्ठा लोकरीसारखा दबत नसल्यामुळे ही चकती घट्ट जात असेल तर तिच्यासाठी अर्ध्या मिलिमीटरने लहान पंच वापरावा. तिला मेण लावायचे नाही.

भरताना

मोजलेली दारू, तिच्यावर पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर मेणकट वॅड, आणि शेवटी चिंधीत गुंडाळलेली गोळी, असा हा क्रम. वॅड नळीच्या तोंडावर आडवी, सपाट ठेवावी आणि अंगठ्याने सारखी आत दाबावी, म्हणजे ती कलंडत नाही. गज हळू ढकलावा, कारण खाली अडकलेल्या हवेला निप्पलमधून किंवा कानाच्या भोकातून बाहेर पडायला वेळ लागतो. प्रत्येक थर आधीच्या थराला टेकला पाहिजे. दारू, वॅड आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिली तर बार होताना नळीला आतून कडे पडू शकते, ती फुगू शकते किंवा फुटूही शकते. म्हणून पूर्ण भरलेल्या स्थितीत गजावर, नळीच्या तोंडाशी, एक पक्की खूण करून ठेवावी आणि दर वेळी खूण त्याच जागी येते का ते पाहावे. गज आत असताना नळीच्या तोंडावर डोके किंवा तळहात आणू नये, आणि केप सर्वांत शेवटी, नळी लक्ष्याकडे असतानाच लावावी.

वॅड घातल्याने वायू अधिक चांगला अडतो आणि दाब थोडा वाढतो. म्हणून पहिल्यांदा वॅड वापरताना बंदूक बनवणाऱ्याने सांगितलेल्या कमाल मापाच्या बरीच खाली दारू घ्यावी. एकावर एक तीन-चार चकत्या रचू नयेत. धूरविरहित दारू, म्हणजे आजच्या काडतुसांतली दारू, या बंदुकीत कोणत्याही परिस्थितीत, कितीही थोडी, घालू नये.

सगळ्या गोळ्यांना वॅड लागते असेही नाही. मिनिए पद्धतीच्या गोळीचा तळ पोकळ असतो आणि वायूच्या दाबाने तो फुलूनच गोळी खाचांना पकडते. तिच्याखाली जाड वॅड घातली तर हे फुलणे बिघडते. सपाट तळाच्या लांबट गोळीला मात्र वॅडचा चांगला फायदा होतो, कारण तिचा शिशाचा तळ वायूने झिजण्यापासून वाचतो.

झाडलेली वॅड वाचणे

वॅड नळीतून सुटल्यावर काही मीटरांवर जमिनीवर पडते. मैदानावर गोळीबार थांबल्याची घोषणा झाली की पुढे जाऊन त्या गोळा कराव्यात, कारण केवळ लक्ष्याकडे बघून जे कळत नाही ते या चकत्या सांगतात. चांगल्या वॅडची खालची बाजू सगळीकडे सारखी काळवंडलेली असते, वरची बाजू जवळजवळ स्वच्छ असते आणि तिच्या कडेवर नळीच्या खाचांचे ठसे दातेरी चक्रासारखे स्पष्ट उमटलेले दिसतात. ठसे सगळीकडे सारखे असतील तर माप बरोबर आहे. कड गुळगुळीत असेल आणि काजळी कडेने वर चढलेली असेल तर चकती लहान पडते आहे. अर्ध्या मिलिमीटरने मोठा पंच घ्यावा. एकाच बाजूला जळाल्याची खूण असेल तर ती तिरकी बसली होती, म्हणजे ती पातळ आहे किंवा भरताना कलंडली. मध्यभागी भोक पडले असेल तर फेल्ट मऊ आहे किंवा दारूचे माप जास्त आहे. वॅडबरोबर चिंध्याही गोळा कराव्यात. वॅडचा वापर सुरू केल्यावर चिंधीचा मधला भाग न जळता शाबूत मिळू लागला, तर वॅड तिचे काम चोख करते आहे.

माप, जाडी, मेणाचे प्रमाण आणि दारूचे माप यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर किमान पाच गोळ्यांचा गट झाडून त्याची वहीत नोंद करावी, त्यात त्या दिवसाचे तापमान आणि हवेतील ओलावाही लिहावा. तयार चकत्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, थरांमध्ये मेणकागद घालून, थंड जागी ठेवाव्यात आणि डब्यावर पंचाचे माप, मिश्रणाचे प्रमाण आणि तारीख लिहावी. डबा उन्हात तापलेल्या गाडीत राहिला तर मिश्रण तळाशी उतरते आणि वरच्या चकत्या कोरड्या पडतात. अशा चकत्या पुन्हा कोमट मिश्रणात बुडवून घेतल्या की वापरता येतात. खवट वास येऊ लागलेले जुने मिश्रण मात्र नव्या मिश्रणात मिसळू नये.